भूकंप पहाटेच का येतात? आणि नेमके कुठे?

कोयनाकाठ
मंडळी, आमचं घर पाटण तालुक्यात. इथे भूकंपाचं कुणाला फारसं कौतुक नाही. रात्री फडताळातली भांडी वाजली की माणसं "आला वाटतं" म्हणतात आणि कूस बदलून झोपतात. दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेली चौकट येते: इतके रिश्टर, केंद्रबिंदू कोयना धरणापासून अमुक किलोमीटरवर, गोषटवाडीच्या तमुक दिशेला, धरणाला कोणताही धोका नाही. झालं.

परवा मात्र घरात यावरून जुंपली. मामंजींचं ठाम मत, मोठा भूकंप पहाटेच येतो. १९६७ चा आला ११ डिसेंबरला पहाटे ४.२१ ला, तेव्हा ते शाळकरी होते. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. "आणखी काय पुरावा पाहिजे?" दीर म्हणतात, पहाट-बिहाट काही नाही, अमावास्या-पौर्णिमा बघा. लेक अकरावीला, भूगोलाचं पुस्तक पुढ्यात घेऊन बसलेली. ती म्हणाली, भूकंप प्लेटांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या मोठ्या तुकड्यांच्या, कडेला होतात आणि आपण तर कडेला नाही, मग आपल्याकडे होतोच कसा? तिचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटला. जाणकारांनी उजेड पाडावा.

वायफळ
माझं मत विचाराल तर सोमवारी सकाळी यावा. ऑफिसला दांडी. (हलकेच घ्या.)

नंदाकाकू
वायफळ, ज्यांच्या घरचं माणूस गेलंय असेही लोक इथे वाचत असतात. जरा भान ठेव.

कोयनाकाठ, तुझ्या मामंजींना एकदम खोटं पाडू नका हं. माझ्या आठवणीतले सगळे भूकंप अंधारातलेच आहेत. बिहार-नेपाळ, २१ ऑगस्ट १९८८, पहाटे साडेचारच्या पुढे. उत्तरकाशी, २० ऑक्टोबर १९९१, रात्री तीनच्या आत. किल्लारी तर झालंच. मग जबलपूर, २२ मे १९९७, पहाटे चारनंतर, जवळजवळ कोयनेच्याच वेळेला. चमोली, २९ मार्च १९९९, मध्यरात्र उलटून अर्धा तास. आता सांगा, हा योगायोग?

आकडेमोड
काकू, यादी बिनचूक आहे आणि जबरदस्त आहे. हिशेब करून बघितला. रात्री १२ ते सकाळी ६ म्हणजे दिवसाचा चौथा हिस्सा. पाचच्या पाच भूकंप त्यातच पडण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. कुणाचाही विश्वास बसेल असा आकडा आहे.

पण यादी १९८८ ला सुरू होऊन १९९९ ला संपते, तिथे पाणी मुरतंय. दोन्ही बाजूंनी वाढवून बघा. मागे गेलो तर शिलाँगचा १८९७ चा भूकंप संध्याकाळी पाचनंतर. कांगडा १९०५, सकाळी सहानंतर. बिहार १९३४, भर दुपारी दोनच्या पुढे. आसाम १९५०, तोही १५ ऑगस्टला, संध्याकाळी साडेसातनंतर, ८.६ तीव्रतेचा, आपल्याकडचा नोंदलेला सगळ्यात मोठा. पुढे आलो तर भूज २६ जानेवारी २००१, सकाळी ८.४६, झेंडावंदनाची वेळ. काश्मीर २००५, सकाळी नऊनंतर. सिक्कीम २०११, संध्याकाळी सहा. नेपाळ २०१५, आपल्या घड्याळात पावणेबारा. म्हणजे ती अकरा वर्षं तेवढी अंधारातली निघाली. आपल्या पिढीचं वय नेमकं तेव्हा बातम्या मनात बसण्याचं होतं.

शिवाय जगभरात वर्षाला साधारण वीस हजार भूकंपांची जागा-वेळ नोंदली जाते, म्हणजे रोज पन्नासच्या वर. किल्लारीत पहाटेचे चार वाजतात तेव्हा लंडनमध्ये अजून आदल्या रात्रीचे साडेदहा-साडेअकरा असतात. जमिनीखाली दहा किलोमीटरवर कोणाचं घड्याळ चालायचं?

भूगर्भातला_किडा
आकडेमोडशी सहमत. एक भर घालतो. लहान भूकंपांच्या यादीत रात्रीचा आकडा खरंच जास्त दिसतो, पण तो यंत्रांचा गुण. दिवसा ट्रक, रेल्वे, गिरण्या, खाणीतले सुरुंग यांनी जमीन सतत थरथरत असते, त्यात दीड-दोन तीव्रतेचा धक्का हरवतो. रात्री सामसूम असते म्हणून तोच धक्का नोंदला जातो. माणसाचंही तसंच. दिवसा तुम्ही चालत असता, जात्या-येत्या एसटीनेही खिडकी वाजते; रात्री पाठ जमिनीला टेकलेली असते. खाणपट्ट्यात उलटा घोळ होतो, सुरुंगांचे हादरे भूकंप म्हणून यादीत शिरतात आणि दुपारचा आकडा फुगतो. ते वेचून काढणं हे वेधशाळेतलं कंटाळवाणं पण रोजचं काम.

आता लेकीच्या प्रश्नाकडे. पुस्तक बरोबर आहे. मोठ्या भूकंपांपैकी सुमारे ८० टक्के प्रशांत महासागराला वेढणाऱ्या पट्ट्यात होतात: चिली, मेक्सिको, अलास्का, जपान, फिलिपाइन्स, इंडोनेशिया, न्यूझीलंड. आजवर मोजलेला सर्वांत मोठा, ९.५ चा, चिलीत १९६० साली झाला. दुसरा पट्टा इंडोनेशियातून हिमालय, इराण, तुर्कस्तान करत भूमध्य समुद्रापर्यंत जातो, त्यात आणखी सुमारे १७ टक्के. उरलेले इकडे तिकडे, बरेचसे समुद्राच्या तळाशी.

आपण त्या "इकडे तिकडे"मध्ये. भारताचा तुकडा वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतोय आणि त्यातला २ सेंटिमीटरच्या आसपासचा दाब एकटा हिमालय सोसतो. पण ढकलणं सगळ्या तुकड्याला जाणवतं. फळी दोन्ही टोकांनी दाबली की मधे जिथे जुनी चीर असते तिथे ती आधी बोलते, तसं. दख्खनच्या काळ्या कातळाखाली, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांखाली, त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटसारखा खडक आहे आणि त्यात अशा चिरा आहेत. वरून दिसत नाहीत. किल्लारीला नंतर ६१७ मीटर खोल विंधनविवर घेतलं, तेव्हा बेसाल्ट, म्हणजे तो काळा कातळच, ३३८ मीटर लागला. वर ज्वारी, खाली हे.

कोयनाकाठ
किडा, लेकीने तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तिचा पुढचा प्रश्न: चिरा आधीपासून होत्या, तर किल्लारीला आधी धोका माहीत कसा नव्हता?

भूगर्भातला_किडा
कारण अशा ठिकाणी दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षं जातात. नकाशे नोंदींवरून बनतात आणि नोंदी जेमतेम शे-दोनशे वर्षांच्या. १९९३ साली किल्लारीचा भाग भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. २००२ साली तो पहिला वर्गच काढून टाकला आणि तो टापू तिसऱ्यात गेला. त्या २००२ च्या नकाशात कोयना परिसर चौथ्यात. मुंबई-पुणं तिसऱ्यात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

किल्लारीने आदल्या वर्षी, ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ मध्ये, बारीक धक्के देऊन इशारा दिला होता. पण असे इशारे शंभर ठिकाणी येतात आणि बहुतेक विरून जातात. तेरणेवरच्या माकणीच्या धरणाशीही त्याचा संबंध जोडला गेला. तो वाद मिटलेला नाही.

माळवद
बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. मी औसा तालुक्यातला.

तीव्रता ६.२. जपानात एवढ्या भूकंपाने किती माणसं जातील? आमच्याकडे दहा हजाराच्या घरात गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून माणसं उशिरा परतलेली, गाढ झोपलेली. पण मारलं ते माळवदाने, म्हणजे मातीच्या सपाट छपराने. आमच्याकडच्या जुन्या घराची भिंत दोन-अडीच फूट जाड असायची: दोन बाजूंना मोठे दगड, मधे गोटे आणि माती, दोन्ही पाखं एकमेकांत बांधणारा आडवा दगड बहुतेक ठिकाणी नाही. वर तुळया, त्यावर फळ्या किंवा किलचन (बारीक लाकडांचा थर), आणि त्यावर फूट-दीड फूट पांढरी माती. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून दर वर्षी थोडी नवी माती चढवायची. जुनी काढायचा कुणी विचार करत नाही, म्हणून आजोबा, बाप, नातू असे थरावर थर. उन्हाळ्यात घर गार राहतं, त्यात खोट नाही.

हादरा बसला तशी भिंतीची पाखं फुटून एक आत, एक बाहेर पडली आणि ते टनांनी वजन खाली आलं. गुदमरूनच कितीतरी गेले. आमच्या चुलत्यांच्या वाड्यात लाकडी खांब-तुळयांचे खण भक्कम होते. सकाळी बघितलं तर चारी भिंती पडलेल्या आणि खण माळवद डोक्यावर घेऊन तसेच उभे. आतली माणसं जिवंत. त्यानंतर पाऊस लागला आणि ढिगारे उपसणाऱ्यांचे हाल झाले.

तेव्हा काकू, पहाट महत्त्वाची आहे हो. भूकंपाला नाही, आम्हाला. तोच धक्का दुपारी चारला आला असता तर अर्धं गाव शेतात असतं.

नंदाकाकू
माळवद, काय बोलू.

तोक्योवासी
माळवद, तुमच्या शेवटच्या ओळीवर लिहावंसं वाटलं. गेली काही वर्षं तोक्योत आहे. इथे भूकंप कुठल्या वेळी आला यावर माणसं कशाने मेली ते ठरतं, असं शाळेतच शिकवतात. १ सप्टेंबर १९२३ चा कांतोचा भूकंप दुपारी १२ ला दोन मिनिटं कमी असताना आला. घरोघरी जेवणाची तयारी, चुली पेटलेल्या, वारा सुटलेला आणि घरं लाकडी. लाखावर माणसं गेली, त्यातली बहुसंख्य आगीत. कोबे १९९५ चा पहाटे ५.४६ चा. लोक अंथरुणात, जुन्या घरांची जड कौलारू छपरं अंगावर, म्हणजे तुमच्या माळवदाचीच गोष्ट. २०११ चा त्सुनामीवाला दुपारी पावणेतीनचा, पोरं शाळेत. २०२४ चा नोतोचा तर १ जानेवारीला दुपारी ४.१०, सणासाठी सगळे आईबापांच्या गावी जमलेले.

आपल्याकडेही बघा. भूजच्या वेळी अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली मुलं अरुंद गल्लीत होती, दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर आली. काश्मीरचा शाळा भरल्यावर आला. नेपाळचा शनिवारी आला, तिथे शनिवारी शाळांना सुटी, आणि हजारो वर्ग रिकामे असताना पडले.

अवांतर: इथे फोन आधी ओरडतो आणि मग घर हलतं. त्या पाच-दहा सेकंदांत गॅस बंद करण्याची सवय हाताला लागली आहे.

वायफळ
माझा वरचा प्रतिसाद संपादक मंडळाने उडवला तरी चालेल. माळवदराव, वाचून सुन्न झालो.

दीर_बोलतोय
मीच तो अमावास्या-पौर्णिमावाला. वहिनींनी धाग्याची लिंक पाठवली, म्हणून खास आयडी काढला. किल्लारी: अनंत चतुर्दशीची दुसरी पहाट म्हणजे भाद्रपद पौर्णिमा. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी: मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंती. तुर्कस्तान, ६ फेब्रुवारी २०२३: माघ पौर्णिमेची पुढची पहाट. आता बोला.

आकडेमोड
भावजी, स्वागत. पंचांग उघडलंच आहे तर पूर्ण वाचू. कोयना १९६७ ला पौर्णिमा अजून पाच-सहा दिवस लांब. काश्मीर २००५, अमावास्येनंतर पाच दिवसांनी. जपान २०११ आणि नेपाळ २०१५ दोन्ही अष्टमीच्या आगेमागे, म्हणजे चंद्राचा जोर सर्वांत कमी असताना. भूज मात्र अमावास्येनंतर दोन दिवसांत, तो घ्या तुमच्या खात्यात.

भूगर्भातला_किडा
दीर अगदीच चुकीचे नाहीत, त्यांना हसू नका. भरती-ओहोटी फक्त समुद्राला नसते, जमीनही रोज वीस-तीस सेंटिमीटरपर्यंत वर-खाली होते. समुद्राकाठच्या उथळ चिरांवर भरतीच्या जोराचा बारीक परिणाम दिसतो, हे २००४ साली छापून आलं. २०१६ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की भरतीचा ताण मोठा असताना लहान धक्का वाढत जाऊन मोठा होण्याची शक्यता थोडी वाढते. पण कधीचा तुटायला टेकलेला खडक शेवटच्या बोटाने ढकलला जातो, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून "येत्या पौर्णिमेला भूकंप" असा निरोप ग्रुपवर आला तर खोडून टाका.

ऋतूचा परिणाम त्याहून ठळक आहे. नेपाळात लहान भूकंप उन्हाळ्या-पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त होतात. पावसाळ्यात गंगेच्या मैदानावर पाण्याचं एवढं वजन साचतं की हिमालयाखालचा दाब किंचित सैल पडतो. पाणी ओसरलं की तो परत चढतो. पण ऋतू बघायला नेपाळला कशाला जायचं? कोयनाकाठ, तो तुमच्या दारात आहे.

निवृत्त_धरणवाला
किडा यांनी विषय काढलाच, म्हणून. नोकरीची बरीच वर्षं कोयना खोऱ्यात गेली. ताई, तुमच्या मामंजींना सांगा की कोयनेच्या भूकंपाची वेळ घड्याळात शोधू नका, पाणीपातळीच्या रजिस्टरमध्ये शोधा.

पाच किंवा त्याच्या वरचे काही धक्के तारखेने सांगतो: १३ सप्टेंबर १९६७. ११ डिसेंबर १९६७. १७ ऑक्टोबर १९७३. २० सप्टेंबर १९८०. १२ मार्च २०००. ५ सप्टेंबर २०००. १४ मार्च २००५. महिने बघा. आमचं पाणी-वर्ष १ जूनला सुरू होतं. जुलै-ऑगस्टमध्ये धरण झपाट्याने चढतं, सप्टेंबरपर्यंत भरत येतं, तिथे एक गर्दी. मग वीज आणि सिंचनासाठी पाणी सुटत जातं आणि फेब्रुवारी-मार्चला दुसरी, जरा लहान. लहान धक्क्यांच्या हजारो नोंदींतही हीच दोन टेकाडं दिसतात. नियम म्हणून घेऊ नका, १४ एप्रिल २०१२ चा धक्का पार मुंबई-पुण्याला जाणवला होता. पण कल स्पष्ट आहे.

पूर्ण भरलं की १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी. त्याचं वजन ३०० कोटी टनांच्या आसपास होतं. लोकांना वाटतं हे वजनच जमीन फोडतं. वजनाचा वाटा आहे, पण मुख्य काम दाबाखालच्या पाण्याचं. ते भेगांतून खाली झिरपतं, चिरेच्या दोन बाजूंना आतून रेटतं, घर्षण कमी करतं. झिरपायला वेळ लागतो, म्हणून पाणी चढणं आणि धक्का यांत काही आठवड्यांचं अंतर पडतं. पाणी किती चढलं याबरोबर किती वेगाने चढलं हेही बघावं लागतं. आठवड्याला १२ मीटरच्या पुढे चढ असेल तरच पाचच्या वरचा धक्का बसण्याची परिस्थिती तयार होते, असं जुन्या अभ्यासात मांडलं होतं. चढ असला म्हणजे धक्का बसेलच, असं मात्र नाही.

१९६२ च्या सुमारास पाणी अडवायला लागले आणि लगेच बारीक धक्के सुरू झाले. १९६७ चा ६.३, काही नोंदींत त्याहून जास्त. दीडशेच्या वर माणसं गेली, कोयनानगर भुईसपाट झालं, मुंबईचा वीजपुरवठा तुटला. जिथे धरणाचा छेद एकदम निमुळता होतो त्या उंचीला आडव्या भेगा पडल्या. पुढे मागच्या अंगाला काँक्रीटचे धीरे देऊन ते मजबूत केलं. धरणामुळे चाळवलेला एवढा मोठा भूकंप जगात दुसरा नाही. १९८५ ला वारणेचं धरण भरायला लागलं आणि १९९३ पासून केंद्रबिंदू दक्षिणेला वारणेकडे सरकले.

कोयनाकाठ
बापरे. म्हणजे गोषटवाडीचं नाव येतं ते यामुळे? मग धरणामुळेच भूकंप होतात असं म्हणायचं का? इकडे राजकारणी मंडळी दोन्ही बाजूंनी बोलतात.

निवृत्त_धरणवाला
"मुळे" शब्दावर मारामाऱ्या झाल्यात ताई. साठलेला ताण पृथ्वीचा, चीर पृथ्वीची. धरणाने तिला लवकर बोलतं केलं. सगळा खेळ साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या तुकड्यात आहे आणि आजूबाजूला ५० किलोमीटरपर्यंत दुसरं काही नाही. जगभरचे लोक इथे येतात ते यासाठीच. कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, गोठण्याला ३ किलोमीटर खोल भोक घेतलं. एक-सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडून खालच्या जुन्या खडकात गेले.

डहाणूचा_चिकू
आमच्याकडे डहाणू-तलासरीला नोव्हेंबर २०१८ पासून धक्के. धुंदलवाडीच्या आसपास जास्त. खाली कोयनेसारखं धरण नाही. एक मोठा आणि मागून बारीक असा क्रमही नाही, दिवसभर एकामागून एक, कधी तीनचा, कधी चारच्या वर. तेव्हा थंडीत लोक तंबूत झोपले. हे कुठल्या खात्यात घालायचं?

भूगर्भातला_किडा
याला भूकंपांचा थवा म्हणतात. सौराष्ट्रातही झालेत. पावसाचं पाणी भेगांतून खाली जाऊन चाळवतं, असा एक तर्क आहे. त्यासाठी धरणच हवं असं नाही. थवे बहुधा विझून जातात, पण घर मजबूत करायला ते निमित्त पुरेसं आहे. कोपऱ्यांना आडव्या पट्ट्या, जड वस्तू कपाटाच्या वरून खाली, एवढं तरी.

वसमतची_मी
हिंगोली जिल्ह्याकडेही बघा कुणीतरी. वसमत, कळमनुरी, औंढा या भागात जमिनीतून गडगडल्यासारखे आवाज कित्येक वर्षं येतात, पांगरा शिंदेचं नाव पेपरात वाचलं असेल. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहानंतर आणि १० जुलैला सातनंतर, दोन्ही ४.५ चे. दोन्ही वेळा सासूबाई चुलीपाशी. नुसता आवाज येतो आणि काहीच हलत नाही, तेव्हा तो भूकंप धरायचा का?

भूगर्भातला_किडा
हो, बहुतेक वेळा. फार उथळ आणि लहान धक्का असला तर त्याची लाट हवेत आवाज म्हणून निघते, पायाला काहीच लागत नाही. कठीण बेसाल्टमध्ये तो आवाज छान पोहोचतो. आवाज आला की वेळ मिनिटासकट लिहून ठेवा. गावातल्या तीन-चार घरांनी वेगवेगळी वही ठेवली तर उत्तम, एकमेकांचं बघून लिहू नका.

आकडेमोड
वसमतची_मी आणि चिकू, वह्या झाल्या की इथे टाका, मी तक्त्यात भरतो. वेळ २४ ताशी लिहा, "पहाटे-पहाटे" नको. धरणवाले काका, तुमच्या तारखांसमोर त्या आठवड्याची पाणीपातळी मिळेल का? फुटात असली तरी चालेल.

निवृत्त_धरणवाला
१९७३ नंतरच्या तारखांसाठी जुन्या डायऱ्या माळ्यावर आहेत. रविवारी काढतो. फुटातच आहेत.